वेब प्रॉक्सीला लॉगिन लावलंय, पण ब्राउझर पासवर्ड विचारतच नाही!

गोदाकाठ

मंडळी, मदत हवी आहे. तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजची संगणक लॅब मी सांभाळते. लॅबमध्ये चाळीसेक मशीन, सगळी विंडोज. शेजारी अभ्यासिका, तिथे मुलं आपापले मोबाईल-लॅपटॉप वायफायला लावतात. जुन्या डेस्कटॉपमध्ये दुसरं नेटवर्क कार्ड टाकून त्यावर ओपीएनसेन्स ही फायरवॉल प्रणाली बसवलंय, वर स्क्विड या वेब प्रॉक्सीचं (मशीन आणि इंटरनेट यांच्यातल्या मध्यस्थाचं) प्लगिन.

प्रॉक्सी ट्रान्स्परंट, म्हणजे ब्राउझरला न कळता विनंत्या मधेच पकडणारी, ठेवली आहे. लॅनमधून (आतल्या नेटवर्कमधून) ८० पोर्टवर, म्हणजे साध्या एचटीटीपीवर, जाणारं सगळं नॅटच्या (पत्ता बदलणाऱ्या) नियमाने ३१२८ वर वळवलंय, त्यामुळे मशीनवर काही सेट करावं लागत नाही. आता वरून फर्मान आलंय की कोणी काय उघडलं ते नावानिशी दिसलं पाहिजे, नुसता आयपी चालणार नाही. म्हणून युजर तयार केले, फॉरवर्ड प्रॉक्सीच्या ऑथेंटिकेशन सेटिंग्जमध्ये 'लोकल डेटाबेस' निवडला आणि अप्लाय केलं. सिस्टिम, अ‍ॅक्सेस, टेस्टर इथे तोच युजर टाकून पाहिला तर बरोबर ओळखतो. पण ब्राउझर काही विचारायला तयार नाही, साइटी खुशाल उघडतात. रीस्टार्ट वगैरे सगळे सोपस्कार झालेत. कुठे अडलंय?

खटपट्या

ट्रान्स्परंटची टिक काढा. ती आणि लॉगिन एकत्र नांदत नाहीत.

गोदाकाठ

मग प्रत्येक मशीनवर जाऊन प्रॉक्सी टाकावी लागेल ना? ते टाळायलाच तर ट्रान्स्परंट केलं होतं. आणि नांदत नाहीत तर स्क्रीनवर दोन्ही निवडू का देतात?

पाटबंधारे

निवडू देतात कारण दोन्ही पर्याय वेगवेगळ्या पानांवर आहेत. एकमेकांशी पटतंय का, हे तपासायची तसदी तिथे कोणी घेत नाही. खटपट्या यांचं बरोबर आहे, कारण सविस्तर सांगतो.

ब्राउझरमध्ये प्रॉक्सी सेट असते तेव्हा त्याला माहीत असतं की आपण आधी मध्यस्थाशी बोलतोय. मध्यस्थ ४०७ हा कोड पाठवतो, अर्थ 'प्रॉक्सीकडे ओळख पटवा'. ब्राउझर नाव-पासवर्डाची चौकट दाखवतो आणि पुढच्या विनंतीत ते जोडून पाठवतो. वेबसाइट स्वतः पासवर्ड मागते तेव्हाचा कोड ४०१. हे दोन मुद्दाम वेगळे ठेवलेत, नाहीतर प्रॉक्सीचा पासवर्ड भलत्याच साइटच्या हाती पडायचा.

ट्रान्स्परंट पद्धतीत ब्राउझरला वाटतं आपण थेट साइटशी बोलतोय. मधेच ४०७ आला तर तो पासवर्ड देणार नाही, आणि देऊही नये. साध्या कपड्यातल्या, बिल्ला नसलेल्या माणसाने एसटीत तिकीट मागितलं तर आपण दाखवतो का? क्रोम तर अशा वेळी 'अनएक्स्पेक्टेड प्रॉक्सी ऑथ' अशी चूक दाखवून थांबतो. स्क्विडलाही हे ठाऊक आहे. मधेच पकडलेल्या विनंतीला तो ४०७ पाठवतच नाही. त्याच्या कॅशे लॉगमध्ये बघा, 'ऑथेंटिकेशन नॉट अ‍ॅप्लिकेबल ऑन इंटरसेप्टेड रिक्वेस्ट्स' अशी ओळ सापडेल. त्यानंतर 'लॅनमधल्यांना परवानगी' हा नियम लागू होतो आणि पान उघडतं.

ताई, एक गोष्ट अजून कुणी विचारली नाही. तुम्ही फक्त ८० वळवलंय. आज बहुतेक सगळं जग ४४३ वर, एचटीटीपीएसवर आहे. म्हणजे तुमच्या प्रॉक्सीतून आजवर फारसं काही गेलेलंच नाही. नोंदी किती रोडावल्यात ते एकदा बघा.

गोदाकाठ

बघितल्या. प्रिंटरच्या सॉफ्टवेअरची चौकशी, दोन-चार जुन्या सरकारी साइटी आणि विंडोजची 'इंटरनेट आहे का' ही विचारणा. एवढंच! युट्यूबचं नावही नाही, आणि लॅबमध्ये दिवसभर युट्यूब चालू असतं.

शंकासुर

मग ४४३ पण वळवा आणि एसएसएल बम्प (एचटीटीपीएस मधेच उलगडून बघायची सोय) लावा, झालं काम!

पाटबंधारे

शंकासुर, त्यासाठी प्रत्येक यंत्रावर आपलं प्रमाणपत्र विश्वासू म्हणून बसवावं लागतं. लॅबच्या मशीनवर एक वेळ जमेल. मुलांच्या मोबाईलवर बसवायला लावणं मला मुळीच पटत नाही, त्यांचे बँकेचे व्यवहारसुद्धा तुमच्या डेस्कटॉपमधून उलगडून जातील. शिवाय अनेक अ‍ॅप फक्त स्वतःच्या सर्व्हरचंच प्रमाणपत्र मानतात, ती बंद पडतात ते वेगळंच. आणि इतकं करूनही लॉगिनचा प्रश्न तसाच राहतो, कारण पकडलेली विनंती ती पकडलेलीच.

उघड प्रॉक्सी ठेवली तर बम्पची गरज नाही. ब्राउझर आधी 'कनेक्ट अमुक साइट, ४४३' असं प्रॉक्सीला विचारतो, तिथेच ४०७ मिळतो, नाव-पासवर्ड जातो, मग बोगदा उघडतो. साइटचं नाव नोंदीत येतं, आतलं पान दिसत नाही. कॉलेजला तेवढं पुष्कळ आहे.

गोदाकाठ

ट्रान्स्परंट काढलं, नॅटचा नियमही काढला. लॅबमधल्या पाच मशीनवर हाताने प्रॉक्सी टाकली आणि चक्क चौकट आली! पण बाकीच्या मशीनवर प्रॉक्सी टाकलेलीच नाही, ती आरामात बाहेर जातायत. आणि पाचांपैकी एका मशीनवर प्रॉक्सी टाकूनही विचारत नाही.

खटपट्या

ते एक मशीन तुमचं स्वतःचं असणार. 'अनरिस्ट्रिक्टेड आयपी'च्या यादीत कधीतरी त्याचा आयपी टाकलाय का बघा. त्या यादीतल्यांना लॉगिन माफ असतं.

गोदाकाठ

टाकलाय. माझ्या आधीच्या सरांच्या काळापासून आहे तो तिथे.

नागपुरी_तर्री

बाकीची मशीन बाहेर जातात त्याचं कारण सोपं आहे. लॅनवर सुरुवातीपासून 'सगळं चालू द्या' असा नियम असतो. त्याच्या वर अडवणारे नियम टाका, लॅनमधून बाहेर टीसीपी ८० आणि ४४३ बंद. यूडीपी ४४३ विसरू नका हं! क्रोम आणि युट्यूब क्विक या नव्या प्रोटोकॉलवर जातात, ते यूडीपीवर चालतं, आणि टीसीपी अडवून लोक निवांत बसतात. फायरवॉलच्या ३१२८ ला मात्र लॅनमधून वाट हवी.

उलट बाजूने, वॅनवर (बाहेरच्या इंटरनेटच्या बाजूला) ३१२८ कधीही उघडू नका. उघडी प्रॉक्सी दिसली की जगभरचे लोक तुमच्या नावावर उद्योग करतात.

वाळवंटी_उंट

माझा फायरवॉल उबुंटूवर आहे, स्क्विडची कॉन्फिग हातानेच लिहिलेली. पासवर्ड फाइल केली, ऑथ-परॅमच्या (लॉगिन कसं तपासायचं ते सांगणाऱ्या) ओळी टाकल्या, तरी पासवर्ड विचारत नाही. ट्रान्स्परंट वगैरे काही नाही. याच धाग्यात विचारू का?

पाटबंधारे

विचारा. 'एचटीटीपी अ‍ॅक्सेस'च्या ओळी कोणत्या क्रमाने आहेत?

वाळवंटी_उंट

आधी सेफ पोर्ट नसलेल्यांना नकार, मग ४४३ सोडून इतर कनेक्टला नकार, मग लोकलनेटला (आतल्या नेटवर्कला) परवानगी, मग लॉगिन केलेल्यांना परवानगी, शेवटी सगळ्यांना नकार.

पाटबंधारे

तिसऱ्या ओळीत घोळ आहे. स्क्विड वरून खाली वाचतो आणि जी पहिली ओळ लागू पडेल तिथेच थांबतो. तुमचा प्रत्येक माणूस लोकलनेटमध्ये आहे, म्हणजे तिथेच परवानगी मिळाली. लॉगिनच्या ओळीपर्यंत कोणी पोहोचतच नाही. लोकलनेटची ओळ काढा. किंवा एकाच ओळीत दोन्ही लिहा, लोकलनेट आणि लॉगिन. एका ओळीतल्या अटी सगळ्या पूर्ण व्हाव्या लागतात. पहिल्या दोन नकारांना हात लावू नका, ते वरच हवेत.

वाळवंटी_उंट

झालं! विचारायला लागलं. पण आता बरोबर पासवर्ड टाकला तरी पुन्हा पुन्हा चौकट येते.

खटपट्या

ब्राउझर बाजूला ठेवा. पासवर्ड तपासणारा हेल्पर प्रोग्राम टर्मिनलमध्ये थेट चालवा, म्हणजे 'बेसिक एनसीएसए ऑथ' आणि पुढे पासवर्ड फाइलचा पत्ता. काही छापणार नाही, नुसता थांबेल. नाव, एक जागा सोडून पासवर्ड, एंटर. 'ओके' आलं तर गडबड स्क्विडच्या कॉन्फिगमध्ये, 'ईआरआर' आलं तर फाइलमध्ये. आणि हे स्क्विड ज्या युजरने चालतो त्याच युजरने करून बघा, रूटने नाही. निम्म्या वेळा फाइल वाचायची परवानगीच नसते.

वाळवंटी_उंट

रूटने ओके, प्रॉक्सी युजरने फाइलच उघडत नाही. परवानगी दिली, चालू झालं. तुमचे उपकार!

नागपुरी_तर्री

एचटीपासवर्ड या आज्ञेने पासवर्ड फाइल करताना पासवर्ड लपवायचा जुना डीईएस प्रकार निवडू नका. त्यात पहिली आठच अक्षरं मोजतात. 'कोल्हापूर' इंग्रजी लिपीत टाइप करून पुढे कितीही आकडे लावले तरी 'के-ओ-एल-एच-ए-पी-यू-आर' एवढ्यावर दार उघडायचं. स्क्विडच्या नव्या आवृत्त्या आठच्या वरचा डीईएस पासवर्ड सरळ नाकारतात. तेव्हाही लोक 'पासवर्ड तर बरोबर आहे' म्हणत डोकं धरून बसतात.

आणि युजरच्या नावात विसर्गासारखी दोन टिंबं नकोत. बेसिक पद्धतीत नाव आणि पासवर्ड त्याच चिन्हाने जोडून पाठवतात. पासवर्डात चालतात, नावात नाही.

रानजाई

तांत्रिक चर्चा छान चालली आहे, पण मला एक खटकतंय. मुलं काय वाचतात यावर नावानिशी पाळत कशासाठी? अभ्यासिकेत बसलेली मुलगी एखाद्या आजाराबद्दल शोधत असेल, कुणी घरी सांगता न येणारं काही वाचत असेल. ती यादी कोणाच्या टेबलावर जाणार?

शंकासुर

सरकारचा नियमच आहे म्हणे नोंदी ठेवायचा.

पाटबंधारे

नियम आहे, पण तो काय म्हणतो ते नीट वाचायला हवं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांत सेवा पुरवठादार, मध्यस्थ, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्था यांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस सांभाळायला सांगितलंय. घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायचंय. कोणी काय वाचलं याची यादी दर सोमवारी प्राचार्यांच्या टेबलावर ठेवा, असं त्यात कुठेही नाही. रानजाई यांचा मुद्दा मला पटतो. नोंद ठेवणं वेगळं आणि ती चाळत बसणं वेगळं. गोदाकाठ, लॉग कोण उघडणार, कोणाच्या लेखी परवानगीने आणि कधी पुसणार, हे आधी कागदावर घ्या. नाहीतर उद्या कोणीतरी 'अमक्याची पोरगी काय बघते सांग' म्हणून तुमच्या केबिनमध्ये येईल आणि नाही म्हणायला तुमच्याकडे आधार नसेल.

घड्याळाचं मात्र आजच करा. वेळ चुकीची असेल तर लॉग असून नसल्यासारखा.

गोदाकाठ

रानजाई, अगदी हेच मलाही वाटत होतं, फक्त बोलायला धीर होत नव्हता. कागदाचा मुद्दा बैठकीत मांडते.

आता दोन प्रश्न. अभ्यासिकेतल्या मोबाईलचं काय? आणि लॅबच्या सगळ्या मशीनवर प्रॉक्सी एकदम कशी टाकू? विंडोज डोमेन (सगळी मशीन एका जागेवरून सांभाळायची सोय) वगैरे काही नाही आमच्याकडे.

मालवणी_खाजा

मोबायलाचा सांगतंय. आमच्याकडे प्रॉक्सी लावली, तर पोरांनी आपल्या मोबायलाचो हॉटस्पॉट चालू केल्यानी आणि प्रॉक्सी रवली थंयच!

खटपट्या

हाहा, खाजा, लाख बोललात.

गोदाकाठ, मोबाईलवर लॉगिनवाली प्रॉक्सी लादू नका. अँड्रॉइडमध्ये प्रॉक्सी प्रत्येक वायफायसाठी वेगळी टाकावी लागते, टाकली तरी बरीच अ‍ॅप तिला जुमानत नाहीत. ब्राउझर चालेल आणि यूपीआय, व्हॉट्सअ‍ॅप अडकतील. मग तुमच्या टेबलापुढे रांग.

अभ्यासिकेसाठी वेगळा व्हीलॅन (त्याच तारांवरचं वेगळं नेटवर्क) करा आणि त्यावर कॅप्टिव्ह पोर्टल, म्हणजे वायफायला जोडल्यावर येणारं लॉगिनचं पान, लावा. ओपीएनसेन्समध्ये ते आहेच, व्हाउचरही छापता येतात. मुलगा एकदा लॉगिन करतो, फायरवॉल त्याचा आयपी आणि मॅक (वायफाय कार्डाचा पत्ता) लक्षात ठेवते, मग सगळी अ‍ॅप नेहमीसारखी चालतात. कोण, किती वाजता, कोणत्या आयपीवर होता एवढी नोंद मिळते. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून मोबाईल प्रत्येक वायफायला बनावट मॅक देतात. त्यामुळे मॅकवरून माणूस ओळखायच्या भानगडीत पडू नका, नाव लॉगिनवरूनच घ्या.

नागपुरी_तर्री

लॅबसाठी पॅक फाइल, म्हणजे कुठल्या पत्त्यासाठी प्रॉक्सी वापरायची ते ब्राउझरला सांगणारी फाइल. चार ओळींची जावास्क्रिप्ट असते. कॉलेजच्या आतल्या पत्त्यांना 'डायरेक्ट', बाकी सगळ्याला 'प्रॉक्सी १९२.१६८.१.१, ३१२८'. ओपीएनसेन्स ती स्वतः बनवून देतं आणि डब्ल्यूपॅडने आपोआप वाटूही शकतं. पण त्यासाठी फायरवॉलचं व्यवस्थापनाचं पान साध्या एचटीटीपीवर, ८० पोर्टला ठेवावं लागतं. ते मी करणार नाही. आत एखादा छोटा वेब सर्व्हर असेल तर पॅक त्याच्यावर ठेवा आणि मशीनना फक्त पत्ता द्या. विंडोजमध्ये 'यूज सेटअप स्क्रिप्ट' असं असतं. रजिस्ट्रीत तीच नोंद 'ऑटोकॉन्फिगयूआरएल' या नावाने, इंटरनेट सेटिंग्जखाली. एक बॅच फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि फिरा लॅबभर. नोंद युजरनिहाय असते, तेव्हा मुलं ज्या विंडोज खात्यात बसतात त्याच खात्यात चालवा.

पुढे प्रॉक्सीचा पत्ता बदलला तरी फक्त पॅक बदलायची, मशीनकडे जायचं काम नाही.

दूरदेशी

जर्मनीतून वाचतोय, आमच्या ऑफिसातही स्क्विडच आहे. बेसिक पद्धतीत नाव-पासवर्ड प्रत्येक विनंतीबरोबर बेस६४ करून जातात. ते कुलूप नव्हे, कोणीही क्षणात उलट फिरवू शकतं. त्यामुळे प्रॉक्सीचा पासवर्ड बाकी कुठेही वापरायचा नाही. विशेषतः फायरवॉलचा रूट घेऊन 'चालतंय का' बघायचं नाही! विद्यार्थ्यांचा वेगळा गट करा आणि 'एन्फोर्स लोकल ग्रुप'मध्ये तोच निवडा.

पुढेमागे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (विंडोजची खाती एका जागी सांभाळणारी सेवा) आली तर कर्बेरॉस या तिकिटावर ओळख पटवणाऱ्या पद्धतीकडे जा, पासवर्ड तारेवरून जातच नाही आणि चौकटही येत नाही. ओपीएनसेन्सला त्यासाठी वेब प्रॉक्सी एसएसओ नावाचं प्लगिन आहे. तिथे लोक दोन ठिकाणी ठेचकाळतात. प्रॉक्सीचा पत्ता आयपीने दिला तर कर्बेरॉस चालत नाही, पूर्ण नावच हवं. आणि घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की तिकीट नाकारलं जातं. एनटीएलएम या विंडोजच्या जुन्या लॉगिन पद्धतीच्या वाटेला आता जाऊ नका, मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये ते मोडीत काढायच्या यादीत टाकलंय.

शंकासुर

स्क्विड सुरक्षित आहे का पण? पीएफसेन्सवाले (ओपीएनसेन्ससारखाच दुसरा फायरवॉल) ते काढून टाकणार असं वाचलं.

दूरदेशी

२०२३ च्या ऑक्टोबरात एका संशोधकाने स्क्विडमधले ५५ दोष जाहीर केले होते, त्यातले बरेच तेव्हा दुरुस्त झालेले नव्हते. त्यानंतर पीएफसेन्सने आपलं स्क्विड पॅकेज वापरू नका असं सांगितलं. स्क्विडचं काम थांबलेलं नाही, पण जुनी आवृत्ती तशीच ठेवून बसायचे दिवस गेले. अपडेट लावा आणि नको असलेल्या सोयी बंद ठेवा.

गोदाकाठ

पॅक फाइल, बॅच फाइल, लॅनवरचे अडवणारे नियम, सगळं झालं. युडीपी ४४३ बंद केल्या केल्या लॅबमधून 'मॅडम नेट गेलं' अशी आरोळी आली, तेव्हा कळलं कोण कुठून जात होतं ते. कॅप्टिव्ह पोर्टल परीक्षा झाल्यावर.

आता नवी अडचण. एक मुलगा उठून जातो, ब्राउझर उघडाच राहतो, दुसरा त्याच नावावर बसतो. लॉगआउट कुठे असतं?

पाटबंधारे

नसतं. बेसिक पद्धतीत लॉगआउट ही गोष्टच नाही, ब्राउझर पूर्ण बंद होईपर्यंत तो पासवर्ड पाठवत राहतो. सेटिंग्जमध्ये दोन तासांचा टीटीएल दिसतोय तो वेगळा. एकदा तपासलेला पासवर्ड स्क्विडने किती वेळ पुन्हा न तपासता खरा मानायचा, एवढंच तो ठरवतो. दोन तासांनी मुलाला पुन्हा विचारणार नाही. उलट, कुणाचं खातं तुम्ही बंद केलंत तरी तेवढा वेळ ते चालू राहू शकतं. म्हणून तो थोडा कमी करा.

लॅबपुरतं म्हणाल तर ब्राउझर फक्त गेस्ट पद्धतीने उघडेल असं करा, आणि दहा मिनिटं कोणी नसेल तर विंडोज साइन-आउट. पासवर्ड एकमेकांना वाटतात त्याला स्क्विडमध्ये 'मॅक्स युजर आयपी' नावाची अट आहे, एका नावाला एका वेळी किती आयपी ते ठरवते. जोडीला 'ऑथेंटिकेट आयपी टीटीएल' वाढवावा लागतो, मुळात तो एकच सेकंद असतो. त्या अटीला 'एस'चा झेंडा (पर्याय) लावला तर सक्त मनाई. न लावला तर स्क्विड मधूनच एखादी विनंती नाकारून माणसाला नुसता छळतो. हे मी म्हणत नाही, त्यांच्याच माहितीपत्रकात तसं आहे.

रानजाई

छळणारा पर्याय मुद्दाम ठेवलाय? हे संगणकवाले!

गोदाकाठ

शेवटचं विचारते. अ‍ॅक्सेस लॉगमध्ये जवळजवळ निम्म्या ओळी 'टीसीपी डिनाइड ४०७' आहेत आणि नावाच्या जागी नुसती आडवी रेघ. काही बिघडलंय का?

पाटबंधारे

बहुतेक नाही. पासवर्ड अजून दिलेला नसताना पहिली विनंती ब्राउझर बिननावाचीच पाठवतो, तिला ४०७ मिळतो, मग नावासकट पुन्हा पाठवतो. म्हणून ४०७ च्या पाठोपाठ त्याच आयपीवरून 'टीसीपी टनेल २००' आणि मुलाचं नाव दिसलं तर सगळं ठीक.

पण एकाच आयपीवरून एकाच पत्त्यासाठी ४०७ मागून ४०७ येतायत आणि २०० येतच नाही, अशा ओळी वेगळ्या काढा. ते माणसाचं काम नाही, मागे चालणारं काहीतरी आहे ज्याला पासवर्ड देता येत नाही. विंडोज अपडेट त्यातलं पहिलं, ते सिस्टिमच्या खात्यातून जातं, तिथे चौकट दाखवणार कोणाला? दुसरं अँटीव्हायरसचं अपडेट. अशांसाठी त्या-त्या डोमेनला लॉगिनच्या आधी परवानगी द्या. ओपीएनसेन्समध्ये स्क्विडच्या फोल्डरात 'प्री-ऑथ' नावाचं उपफोल्डर आहे, त्यात छोटी फाइल टाकली की तिच्या ओळी लॉगिनच्या आधी वाचल्या जातात. विंडोजअपडेट डॉट कॉम आणि अपडेट डॉट मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम, दोन्हींच्या सुरुवातीला एक टिंब द्या, म्हणजे उपडोमेनही आली.

माफी डोमेनला द्या, मशीनच्या आयपीला नाही. नाहीतर ते मशीन सगळ्या जगासाठी मोकळं होतं आणि मुलांना ते दुसऱ्या दिवशी कळतं.

गोदाकाठ

वेगळ्या काढल्या. विंडोज अपडेट होतंच, आणि एक प्रिंटरचं सॉफ्टवेअर, दर मिनिटाला कंपनीकडे शाईचा हिशोब पाठवायला बघतंय. अपडेटला वाट दिली, प्रिंटरला नाही. आणि त्या अनरिस्ट्रिक्टेड यादीतून माझाही आयपी काढला.